थोरलीची दाराची, धाकटीची स्टार्टरची

गाडी जुनी असली तरी दोघी जावांच्या मालकीची होती, आणि धाकटीला तिचं कौतुक काही केल्या आवरत नव्हतं. पडदे शिवायच्या धंद्यासाठी घेतलेली ही पहिलीच गाडी. तिची खोड एकच: दाराची किल्ली वेगळी, सुरू करायची वेगळी. आधीच्या मालकाने कधीतरी दाराचं कुलूप बदललं होतं म्हणे. मेकॅनिक म्हणाला, एकच किल्ली करून देतो. थोरली म्हणाली, "राहू द्या, हेच बरं आहे." तिने दाराची किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली आणि दुसरी धाकटीच्या हातावर ठेवली. आता एकीशिवाय दुसरीला गाडी हलवता येणार नव्हती. धाकटीला वेगाची भारी हौस, म्हणून हा तह.

गाडी धाकटी चालवायची आणि थोरली शेजारी बसून दोन्ही पायांनी नसलेला ब्रेक दाबायची. उतरताना थोरलीच्या पोटऱ्या दुखत आणि धाकटीचे कान.

आज मात्र तंटा करायला वेळच नव्हता. नव्या नाट्यगृहाचा मखमली पडदा दोघींनी शिवला होता. संध्याकाळचा पहिला प्रयोग त्याच पडद्याआड उभा राहणार होता. पडदा वेळेवर लागला तर मोठी कामं चालून येणार, नाही लागला तर पुन्हा उशांच्या खोळी शिवत बसायचं. दोघींनी मिळून तो अजस्र गठ्ठा मागच्या सीटवर कोंबला. धाकटी पडद्याची दोरी आणायला वर धावली. तेवढ्यात नाट्यगृहाचा सुतार स्कूटरवरून आला. दांडीच्या कड्या बसत नाहीत, लगेच चला म्हणाला. थोरलीने सवयीने दार लावलं, किल्ली पर्समध्ये टाकली आणि स्कूटरवर बसून निघूनही गेली.

धाकटी खाली आली तेव्हा गाडी होती, पडदा होता, दाराची किल्ली नव्हती. तिने थोरलीला फोन लावला. तो गाडीतच, पुढच्या सीटवर वाजायला लागला.

"अहो जाऊबाई," धाकटी काचेला नाक लावून म्हणाली, "उचला आता."

नाट्यगृहाचा फोन कोणी उचलेना. तिच्या तोंडचं पाणी पळालं. पण हातपाय गाळून बसणारी ती नव्हतीच. तडक वर जाऊन तिने कपड्यांची जड इस्त्री आणली. काच फोडायची ठरली. ड्रायव्हरच्या बाजूची फोडली तर आपल्यालाच काचांवर बसावं लागेल, म्हणून ती पलीकडे गेली. इस्त्री उगारली आणि थांबली. या बाजूलाही किल्लीचं भोक होतं. हे दार त्या कायम आतूनच बंद करत, त्यामुळे तिकडे कधी कुणाचं लक्षच गेलं नव्हतं.

तिने उगाच आपली स्टार्टरची किल्ली घातली. किल्ली फिरली. दार उघडलं.

आधीच्या मालकाने एकच कुलूप बदललं होतं तर. धाकटीला हसू आवरेना. ती इस्त्रीसकट आत शिरली, सरकत सरकत स्टिअरिंगमागे पोहोचली आणि गाडी सुरू केली. शेजारची सीट पहिल्यांदाच रिकामी होती. आता हवी तेवढी पळव म्हणावं, तर पहिल्याच वळणावर तिच्या तोंडून आपोआप निघालं, "अगं हळू. समोर बघ." अख्खा रस्ता ती स्वतःलाच थोरलीच्या आवाजात दटावत गेली.

थोरली नाट्यगृहाच्या दारात किल्ली मुठीत धरून उभी होती. चूक लक्षात येऊन तिचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि ती सुताराला स्कूटर काढ म्हणून विनवत होती. समोर आपलीच गाडी येताना पाहून तिचा जीव भांड्यात पडला.

"काच फोडलीस?"

"आधी पडदा लावू, ताई."

पडदा लागला. प्रेक्षक बसले, आणि तो डौलात दोन्हीकडे सरकला तेव्हा लोकांनी नाटक सुरू होण्याआधीच टाळ्या वाजवल्या. विंगेत उभ्या दोघींनी एकमेकींचे हात गच्च धरले.

बाहेर आल्यावर धाकटीला गप्प बसता आलं असतं. पण ते तिच्या स्वभावात नव्हतं.

"ताई, माझी किल्ली पलीकडच्या दाराला लागते."

थोरलीने जरा हिशेब केला. "म्हणजे तुझ्या एका किल्लीत सगळं भागतं."

"हो."

"आणि माझ्या किल्लीने मी नुसती आत जाऊन बसू शकते."

"हो."

थोरलीने पर्समधून आपली किल्ली काढून धाकटीच्या हातात दिली आणि पलीकडे जाऊन दार उघडायची वाट बघत उभी राहिली. गाडी निघाली. धाकटीने सवयीने तिच्या पायांकडे नजर टाकली. थोरलीने चपला काढल्या होत्या आणि दोन्ही पाय वर घेऊन, सीटवर मांडी घालून ती डोळे मिटून बसली होती.