खालून चढणारा वारा

मी एक जुनी पवनचक्की आहे. मित्रांनो, हसू नका. डोंगरावरच्या उंच चक्क्यांची मी कुणी लागत नाही. माझी पाती पत्र्याची आणि पोटातलं जनित्र मोडीत निघालेल्या एका मोटारीचं. ग्वाल्हेरच्या नया बाजारात एका तीन मजली घराच्या छतावर मी राहते. शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या मंदाताईंनी मला स्वतःच्या हातांनी घडवलं.

वीज गेली की त्या घराचा जिना काळाकुट्ट होई. एकदा भाडेकरू शांताताई तिथे पडल्या, तेव्हा मंदाताईंनी सगळ्यांना शब्द दिला, "जिन्यातला दिवा आता वाऱ्यावर चालेल."

मला उभी कुठे करायची? मंदाताईंचे धाकटे भाऊ जगदेवराव दर पाडव्याला छताच्या पश्चिम कोपऱ्यात गुढी उभारत. तिथे वस्त्र इतकं फडफडे, की त्याचं खालचं टोक त्यांना सुतळीने काठीला बांधावं लागे. इतका वारा आणखी कुठे मिळणार, म्हणून मंदाताईंनी मला तिथेच कठड्याला जखडलं.

वारा होता, पण मी रडतखडत फिरे. दिवा मिणमिणे आणि विझे. माझं शेपूट मला डावी-उजवीकडे वळवतं, पण खाली वाकणं मला जमत नाही. हे मी सांगणार कुणाला? भाडेकरू हसत, आणि मंदाताई मान खाली घालून जिना उतरत. मला फार वाईट वाटे.

गेल्या पाडव्याला गुढी उभी करता करता जगदेवराव म्हणाले, "ताई, हे कबाड हटव आता. परवा कबाडीवाला येतोय, मी बोलून ठेवलंय."

सुतळी खालीच राहिली होती, ती आणायला जगदेवराव गेले. तेवढ्यात वस्त्र उचललं गेलं आणि थेट गडूवर जाऊन बसलं. मंदाताई बघत राहिल्या. मग त्या कठड्यावरून वाकल्या. वारा त्यांच्या हनुवटीला खालून लागला.

"जगदेव, लवकर ये!" त्या ओरडल्या. "वारा भिंतीवर आपटून तिरका वर चढतोय. पात्यांना समोरून मिळतच नाही, निसटून जातो. चक्की खराब नाहीये, जागा खराब आहे!"

गडूवरच्या वस्त्राकडे, मग हातातल्या सुतळीकडे बघत जगदेवराव म्हणाले, "आणि मी दर साल ते बांधून टाकत होतो."

"मी पण तर दर साल बघत होते," मंदाताई म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी छताच्या मधोमध, पाण्याच्या टाकीच्याही वर जाईल असा लांब पाइप उभा राहिला. तो जगदेवरावांनीच धरला होता. खालून कबाडीवाल्याची हाक आली, तेव्हा ते वरूनच ओरडले, "भैया, आज कुछ नहीं है!"

इथे वारा मला समोरून, आडवा भेटला. पहिल्यांदाच मी पोटभर फिरले! त्या आठवड्यात वीज गेली तेव्हा शांताताई दिव्याच्या उजेडात, जिन्याच्या कठड्याला हात न लावता वर चढून आल्या.

मित्रांनो, एखादं यंत्र आळशी वाटलं, तर मोडीत काढण्याआधी त्याला वारा कुठून लागतो तेवढं बघा. माणसांचंही बघा.

यंदाच्या पाडव्याला जगदेवरावांनी सुतळी आणली नाही. वस्त्र पुन्हा गडूवर चढून बसलं, आणि त्यांनी ते तसंच राहू दिलं.