खोलीतला डोंगर

नेदरलँड्समध्ये डोंगर नाही, टेकडीला डोंगर म्हणायची हौस मात्र दांडगी. म्हणून की काय, युट्रेख्टच्या एका प्रयोगशाळेत काचेची खोली बांधली होती. तिच्यातला ऑक्सिजन कमी करत गेलं, की आतला माणूस खुर्चीवर बसल्याबसल्या लेहच्याही वर पोचायचा. बोटाला सेन्सर लावून हात समोर धरायचा आणि विरळ हवेत तो किती थरथरतो ते पडद्यावर बघायचं, एवढाच प्रयोग.

ऋजुता त्यावर पीएचडी करत होती. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत तिने प्रयोगाला माणसं हवीत म्हणून सांगितलं आणि वृंदाने तिथल्या तिथे नवऱ्याचं नाव देऊन टाकलं. मोरेश्वर फेल्डहोवन गावातल्या एका कंपनीत इंजिनियर. कॉलेजच्या मित्रांबरोबर लडाखला ट्रेकला जायचं त्याच्या डोक्यात होतं, त्यामुळे तोही लगेच तयार झाला.

वृंदाच्या पोटात मात्र वेगळंच होतं. बरेच महिने जेवताना त्याचा उजवा हात थरथरत होता. आमटीची वाटी उचलायचंच त्याने सोडलं होतं. विचारलं की म्हणायचा, थंडी आहे. फॅमिली डॉक्टरकडे चल म्हटलं, तर इथले डॉक्टर पॅरासिटामॉल देऊन घरी पाठवतात, हे उत्तर तयार. सरळ बोटाने तूप निघेना, म्हणून तिने हा घाट घातला होता.

आता काचेबाहेर तिला बसवत नव्हतं. ती उठे, पर्सची चेन उघडे, लावे, परत बसे. आत मोरेश्वरने हात पुढे धरला. साध्या हवेत पडद्यावरची रेघ जवळजवळ सरळ आली. वृंदाला हायसं वाटलं आणि स्वतःचा रागही आला. उगाच साप साप म्हणून भुई धोपटली.

ऑक्सिजन उतरू लागला तशी रेघ जराशी दातेरी झाली. सगळ्यांचीच होते, असं ऋजुताने सांगितलं. पण तिचं लक्ष दुसऱ्याच आकड्यावर होतं. तिने आत जाऊन मोरेश्वरच्या बोटावरची नाडी मोजायची क्लिप बदलली, बाहेर येऊन पुन्हा आकडा बघितला आणि वृंदाकडे वळली.

"काकू, काका कुठलं औषध घेतात का? मी विचारलं तेव्हा नाही म्हणाले. एवढ्या विरळ हवेत कुणाचंही हार्ट पळायला लागतं. यांचं जागचं हलत नाहीये."

वृंदाला घरची औषधांची पिशवी आठवली. पुण्याहून येताना प्रत्येक घर आणतं तशी. सासूबाई राहून गेल्या तेव्हा त्यांच्या धडधडीच्या गोळ्या तिच्यात राहिल्या होत्या. पाकिटं कमी झालेली तिने पाहिली होती, पण जुनी म्हणून त्याने टाकली असतील असं तिला वाटलं होतं.

ऋजुताने प्रयोग थांबवून दार उघडलं. मोरेश्वर आधी नाही नाही म्हणाला, मग कबूल झाला. आईची गोळी घेतली की थोडा वेळ हात थांबतो, म्हणून अधूनमधून घ्यायचा, आजही घेतली होती. ऋजुता चिडली. "काका, इथे दार उघडता येतं. लडाखला काय उघडणार होतात?" एवढं बोलून ती मशीन बंद करायला गेली.

"माझ्यापासून लपवायला गोळ्या खात होतास?" वृंदाने विचारलं.

"तू पानात बघून जेवत नाहीस, माझ्या हाताकडे बघत बसतेस. घास उतरत नाही मला."

हे तिला फार लागलं. खरंच होतं ते. काळजीच्या नावाखाली आपण रोज ह्या माणसाची परीक्षा घेत होतो, हे तिला आत्ता कळलं आणि तिचे डोळे भरून आले.

"उद्या डॉक्टरकडे जाऊ," ती म्हणाली. "गोळी न घेता."

"आणि त्यांनी नको ते नाव घेतलं तर?"

त्या आजाराचं नाव दोघांनाही माहीत होतं. ते इतके महिने कुणीच घरात उच्चारलं नव्हतं. घेऊ देत, असं ती म्हणाली.

मोरेश्वरने स्वेटर चढवला. दोघं जिन्यापाशी आले. मग खाली बघतच त्याने विचारलं,

"डॉक्टरांच्या खोलीत तू येशील ना आत?"