शनिवारी एकच बाटली

बहात्तर वर्षांची झाली तरी अल्मेडा प्रुइट रॉयस टिंडलच्या दारूच्या दुकानासमोरून जात नसे. जॉर्जियातल्या टॅल्बर्ट गावात पोस्टाकडे जायचा सरळ रस्ता तोच. पण ती कापसाच्या जुन्या गोदामामागून वळसा घाली. तिचा नवरा हार्लन आठवड्यातले सहा दिवस ह्याच दुकानातली बाटली घेऊन घरी यायचा. त्याला जाऊन अकरा वर्षं झाली होती. रॉयस आणि ती एका शाळेतले, पण बोलणं कधीच तुटलं होतं.

सातवा दिवस मात्र न्यारा. रविवारी दारू विकायला कायद्यानं बंदी होती. त्या दिवशी हार्लन गुळगुळीत दाढी करायचा, लेकीला, जोलीनला, घेऊन तळ्यावर मासे धरायला जायचा. हात थरथरायचे, तरी गळाला आमिष स्वतःच लावायचा. संध्याकाळी ओसरीत बसून तिघं टरबूज खायची. अल्मेडाच्या संसारात जे काही गोड होतं, ते सगळं रविवारचं.

म्हणून ही बंदी उठवायची की नाही, ह्यावरच्या मतदानाआधी लोकांचं म्हणणं ऐकायला नगरपालिकेनं सभा बोलावली तेव्हा अल्मेडा सगळ्यांच्या आधी जाऊन पहिल्या रांगेत बसली.

सभा चांगलीच तापली. न्हावी डेल्बर्ट उठून म्हणाला, "बंदी आहे म्हणून कोण प्यायचं थांबलंय? वीस मैल गाडी हाणतात, शेजारच्या काउंटीत, बंदी नाही तिथं, ढोसतात नि तसेच परत येतात. माझीच गाडी मागच्या महिन्यात खड्ड्यात गेली असती!"

"एक दिवस घसा कोरडा राहिला तर मरशील का रे?" मागून एक बाई ओरडली.

"मी चर्चला येतो की नाही दर रविवारी?"

"येतोस, घोरायला!"

सभागृह हसलं. महापौरबाईंनी टेबलावर हात आपटला आणि अल्मेडाचं नाव पुकारलं.

तिनं काही लिहून आणलं नव्हतं. "माझा हार्लन तुम्हां सगळ्यांना ठाऊक आहे," ती म्हणाली. "आठवड्यातला एक दिवस तो माझा असायचा. तो दिवस ह्या कायद्यानं मला दिला. गावात अजून एखादी बाई तशीच रविवारची वाट बघत असेल. तिचा तो दिवस काढून घेऊ नका, एवढंच म्हणणं आहे माझं."

ती खाली बसली. पुढचं नाव रॉयसचं होतं. तो बंदी उठवा म्हणून बोलायला आला होता. हातात दोन पानं होती. ती त्यानं उघडली, पाहिली आणि घडी घालून खिशात ठेवली.

"मी जे बोलायला आलो होतो ते राहू दे," तो म्हणाला. मग महापौरबाईंकडे पाठ करून तो अल्मेडाकडे वळला. "अल्मेडाबाई, शनिवारी दोन बाटल्या घ्यायला कायद्याची आडकाठी नव्हती. सगळे घ्यायचे, दुसरी रविवारसाठी. पहिली काही वर्षं हार्लनही घ्यायचा."

अल्मेडानं मान वर केली.

"जोलीन लहान होती तेव्हाची गोष्ट. एका शनिवारी तो आला नि म्हणाला, 'रॉयस, आजपासून शनिवारी मला एकच दे. मी पाया पडलो तरी दुसरी देऊ नकोस. उद्याचा दिवस पोरीचा आहे.' मी नाही दिली. कधीकधी तो शिव्या घालायचा. एकदा तर रडला. मी दार लावून घेतलं, पण दिली नाही. तुम्हाला सांगू नकोस म्हणाला होता. एखाद्या रविवारी जमलं नाही तर तुमचं मन मोडेल म्हणून." "बाकीचे सहा दिवस मीच विकली त्याला. ते मी नाकारत नाही."

सुरुवातीचे बिघडलेले रविवार विसरून अल्मेडा इतकी वर्षं कायद्याचे आभार मानत आली होती. आणि तिकडे हार्लन दर शनिवारी त्या दुकानात उभा राहून स्वतःशी झगडत होता, तिच्यासाठी, पोरीसाठी. ती रुमाल तोंडाला लावून रडली. शेजारच्या बाईनं तिचा हात हातात घेतला.

नोव्हेंबरात गावानं मतदान केलं. अल्मेडानं बंदीच्या बाजूनं मत दिलं, पण बंदी उठली. हमरस्त्यावरच्या दुसऱ्या दारूच्या दुकानानं लगेच रविवारी उघडायचं ठरवलं, तेव्हा रॉयसलाही उघडणं भाग पडलं. बायको गेल्यापासून तो एकटाच होता, दुकान सांभाळायला दुसरं कोणी नव्हतं.

पहिल्याच रविवारी चर्च सुटल्यावर अल्मेडा पोस्टाच्या सरळ रस्त्यानं चालत आली. दुकानाचं दार तिनं खांद्यानं ढकललं. हातात झाकलेली थाळी होती.

रॉयस गडबडून उठला. "अल्मेडाबाई! तुम्ही इथं?"

"जेवलास का?"

"नाही अजून."

"वाटलंच." तिनं तळलेलं चिकन आणि भाजी गल्ल्याशेजारी मांडली. "हे दुकान तू रविवारी उघडलंस, ते मला अजिबात पटलेलं नाही. ते वेगळं. आधी खा."

तो खाऊ लागला. ती स्टुलावर बसली, पर्स मांडीवर ठेवली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "तो रडला म्हणालास. काय म्हणत होता तेव्हा?"

रॉयसनं हात पुसले. "सगळं सांगतो," तो म्हणाला.

इतक्यात दार उघडून एक गिऱ्हाईक आत आलं. अल्मेडानं त्याला जागा व्हावी म्हणून थाळी आपल्याकडे ओढून घेतली आणि तशीच बसून राहिली.