पोच

मुख्य अभियंत्यांनी तपकिरी पाण्याची बाटली टेबलावर अशी आपटली, की तळाला बसलेला गाळ पुन्हा वर उसळला.

“तीन हजार घरांत हे गेलंय. सकाळपासून फाटकावर लोक शिव्या घालतायत. बोल, कोणी सांगितलं होतं व्हॉल्व्ह घाईत बंद करायला?”

चावीवाला भिंतीशी उभा होता. तीस वर्षं शहराचे व्हॉल्व्ह उघडणारा-मिटणारा माणूस. हात मागे बांधलेले, नजर पंख्यावर. तो हूं की चूं करेना.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला ती, विभागाची नियोजन अभियंता, बसली होती. शहराच्या साऱ्या जलवाहिन्या तिच्या कॉम्प्युटरमध्ये होत्या. कुठला व्हॉल्व्ह किती वेळात फिरवला तर कुठे दाब पडेल, हे ती आधी गणितानं काढायची आणि तिच्या कागदाप्रमाणे चावीवाल्यानं काम करायचं. दोघं एकमेकांना पाण्यात पाहत. तो तिला चारचौघांत ‘एसीतल्या बाई’ म्हणायचा. तिनं त्याच्याविरुद्ध दोनदा लेखी तक्रार केली होती. आज तो आयताच सुळावर चढत होता. तिनं फक्त गप्प बसायचं होतं.

“याच्या निलंबनाचा कागद तयार करा,” साहेब कारकुनाला म्हणाले.

तिनं पेनाचं टोपण काढलं, लावलं, पुन्हा काढलं.

“थांबा. व्हॉल्व्ह बंद करायला वीस मिनिटं मीच लिहिली होती. आज पुन्हा गणित केलं, चाळीस हवी होती. इतक्या जुन्या वाहिनीला वीस मिनिटांत धक्का बसतो, गाळ उठतो. चूक माझी आहे.”

“विचार करून बोला. वरिष्ठ आहात.”

“केलाय.”

साहेबांनी बाटली तिच्यापुढे सरकवली. “मग लोकांना हे तुम्हीच पाजा. उद्या लेखी खुलासा हवा. आता दोघंही बाहेर व्हा.”

आभाराची अपेक्षा तिला नव्हतीच. पण जिन्याच्या कठड्याशी थांबलेला चावीवाला तिच्यावर खेकसलाच.

“कोणी सांगितलं होतं मध्ये तोंड घालायला?”

“तुमच्यासाठी नाही घातलं.”

“मग ऐका. मी वीस मिनिटं घेतलीच नाहीत. घेताच येत नाहीत. त्या व्हॉल्व्हचे आटे झिजलेत. अर्ध्यावर अडकतो, जोर लावला की आतली चकती धाडकन खाली बसते. एका क्षणात बंद. तुमच्या कॉम्प्युटरमध्ये तो नवा कोरा असेल.”

कॉम्प्युटरमध्ये तो खरंच नवा कोरा होता. दाबमापकावर नोंदलेला धक्का तिच्या गणितापेक्षा तिप्पट होता. ते कोडं सकाळपासून तिच्या डोक्यात ठसठसत होतं आणि साहेबांसमोर ते तिनं गिळून टाकलं होतं.

“मग बोलला का नाहीत?”

त्यानं खिशातून प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेले कागद काढले. “दोन वर्षांत तीनदा लिहून दिलंय, व्हॉल्व्ह बदला म्हणून. ही पोच. सही कोणाची आहे, वाचा.”

तिन्ही कागदांवर मुख्य अभियंत्यांची सही होती.

“निलंबनाचा कागद माझ्या हातात पडू दे म्हणून थांबलो होतो. मग हे त्यांच्या तोंडावर मारणार होतो. तेवढ्यात तुम्ही हुतात्मा झालात.” त्यानं कठड्यावर मूठ आपटली. “मला नाही, त्यांना वाचवलंत.”

तिनं खालच्या फाटकाकडे पाहिलं. गर्दी अजून हटली नव्हती.

“मला आधी दाखवले असते तर...”

“तुम्हाला? कशाला? आणखी एक तक्रार करायला?”

ती वळली, साहेबांच्या बंद दाराशी परत गेली आणि मागोमाग आलेल्या चावीवाल्यापुढे कागदांसाठी हात केला.

त्यानं पिशवी छातीशी घट्ट धरली.

“हे माझ्याजवळच राहतील,” तो म्हणाला. “तुम्ही दार उघडा.”