कळमनुरीच्या वाटेवरचा दर्या

पल्लवीचं पत्र श्रावणात आलं होतं. दिवाळी तोंडावर आली तरी मी त्याला उत्तर दिलं नव्हतं.

पत्रासोबत एक खोकं होतं आणि त्यात पाटीएवढं राखाडी यंत्र. पल्लवी माझ्या मित्राची, सोनाजीची मुलगी. मी वसमतच्या वाचनालयात ग्रंथपाल असताना शाळा सुटली की ती थेट माझ्या टेबलाशी यायची. आता पुण्यात एका लहान कंपनीत ती पुस्तकं वाचायची यंत्रं बनवत होती. 'काका, हा नमुना आहे. असे मोजकेच करून काही जणांना पाठवलेत. यात मराठी गोष्टी भरल्यात. वाचून मोकळेपणानं कळवा. तुम्हा सगळ्यांची उत्तरं पाहून साहेब ठरवतील, हे बाजारात आणायचं की नाही.'

मोकळेपणानं. ते मला जन्मात जमलेलं नाही.

यंत्राला हात लावायचीही मला भीती वाटे. ते सुरू केलं माझ्या बायकोनं, अनुसयाबाईनं. मोतीबिंदू काढूनही तिला बारीक अक्षर दिसत नव्हतं. वर्तमानपत्र मीच वाचून दाखवायचो. कुठलंसं बटण दाबल्यावर अक्षरं बोराएवढी झाली आणि ती ओसरीत बसून मोठ्यानं वाचू लागली.

"दोन दर्या ओलांडून म्हातारा कळमनुरीच्या बाजारात पोचला."

"दऱ्या," मी आतून म्हणालो.

"दर्या."

"अगं, दऱ्या असेल. नीट बघ."

"इथं दर्याच हाय. डोळे माझे गेलेत, अक्कल न्हाई. कळमनुरीला काय जहाजानं गेला का त्यो?"

मी येऊन पाहिलं. खरंच 'दर्या' होतं. यंत्रानं र उचलून रफार करून डोक्यावर बसवला होता. पुढे 'बिचाऱ्या'चं तेच, 'म्हाताऱ्या'चंही तेच. तरी आधी शंका स्वतःचीच आली. इतकी वर्षं आपणच चुकीचं वाचलं की काय, म्हणून शब्दकोश काढून खात्री केली.

त्यानंतर मला चैन पडेना. चूक कळवली तर साहेब म्हणतील, यंत्र कच्चं आहे, बंद करा. पोरीची मेहनत माझ्यामुळं बुडेल. न कळवावी तर हेच घरोघर जाईल आणि लेकरं दऱ्यांना दर्या म्हणतील. पत्र लिहायला बसायचो, 'चि. पल्लवीस' लिहायचो, उठून अंगणात फेऱ्या मारायचो. परत येऊन कागद फाडायचो. अनुसयाबाई मात्र दुसरी गोष्ट संपवून तिसरीत शिरली होती.

सोनाजी बाजाराला आला की डोकवायचा. "तातेराव, पोरगी फोनवर इचारून राहिली. काकाचं उत्तर काहून येईना?"

"लिहितो."

"पुस्तक उशिरा आणलं तर लोकांना दंड लावायचास. तुला कोण लावील?"

पुढच्या बाजारी तो आला तो बसलाच नाही. उंबऱ्यातूनच म्हणाला, "राहू दे आता. ते बंद करून राहिले."

"का?"

"बाकी सगळ्यांची उत्तरं आली. सगळ्यांनी 'छान आहे' लिहिलं. साहेब म्हणे, म्हंजे कुणी वाचलंच न्हाई. मराठी वाचणारंच न्हाई कुणी, तर इकायचं कुणाला? सोमवारी बैठक हाय. तुझं बी छानच असंल, तर तिकीट वाया घालू नको."

"छान नाहीये," मी म्हणालो.

सोनाजी खाली बसला. "मंग?"

"चूक आहे. प्रत्येक पानावर."

"मंग तेच लिही की, बाबा. वाचल्याबिगर चूक सापडती व्हय?"

हे मला इतके दिवस का सुचलं नव्हतं, कोण जाणे. मी लगेच बसलो. कुठल्या गोष्टीत, कोणत्या ओळीत, काय हवं आणि काय झालंय, सगळं लिहिलं. 'दऱ्या' आणि 'दर्या' शेजारी-शेजारी ठळक काढले. जहाजाचा प्रश्नही लिहिला. तो साहेबांपुढे बरा दिसेल का, म्हणून खोडायला गेलो, तर अनुसयाबाईनं हात धरला.

"राहू द्या. आन लिहा, माझं मी वाचलं म्हणून. कुणाला इनवावं लागलं न्हाई. दुरुस्तीला पाहिजे तर न्या म्हणावं, पर चौथी गोष्ट झाल्यावर."

तेही लिहिलं.

पोस्टाच्या पेटीपाशी पुन्हा पाय अडले. पाकीट हातात धरून मी उभा राहिलो. पत्रातला 'दऱ्या' तरी बरोबर लिहिलाय ना?

"टाक," मागून सोनाजी म्हणाला. "डाक निघून राहिली."

मी टाकलं. मग ते वर कुठं अडकलं तर नाही ना, म्हणून फटीत बोटं घालून चाचपून पाहिलं.