डेन्झिलचा डावा खिसा

"तिथे तोंड उघडलंस तर याद राख," गाडीत बसता बसता डेन्झिल म्हणाला.

एकेचाळीस वर्षांच्या संसारात या माणसाने मला गप्प बसायला सांगितलं, ही काही नवलाची गोष्ट नाही. पण या वेळी त्याने आधी डावा हात उजव्या हाताने उचलला, जाकिटाच्या खिशात नीट सारला आणि मग हे सांगितलं. म्हणून मी खरोखरच गप्प बसले. निदान बेरी गावच्या पुलापर्यंत.

"आणि त्या बाईला कळलं तर?" पूल ओलांडल्यावर मी विचारलं.

"खिशातला हात कुणाला दिसतो?"

"साप काय खिशात हात घालून बघायचा असतो? सिनेमाला चाललोय का आपण?"

"मॉरीन, रस्त्याकडे बघ."

तर झालं होतं असं. सात महिन्यांपूर्वी डेन्झिलला अर्धांगाचा झटका आला. पाय सावरला, जीभ सावरली (दुर्दैवाने, असं मी त्याला तोंडावर म्हणते), पण डावा हात मागेच राहिला. थोडाफार हलायचा, पण त्यात जाणीव म्हणून नव्हती. फिजिओची पोरगी दर महिन्याला डोळे मिटायला लावायची आणि टाचणी टोचून "कळतंय का?" विचारायची. हा आपला "नाही" म्हणायचा. पुढे पुढे तर ती टोचायच्या आधीच "नाही" म्हणायला लागला.

हात गेला याचं त्याने फारसं दुःख केलं नाही. त्याचा जीव तुटला तो डचेस गेली तेव्हा. डचेस म्हणजे आमची मोठी अजगरीण, अडीच मीटरची. पिल्लू असताना डेन्झिलने तिला टी-शर्टाच्या आत ठेवून वाढवलेली. एवढं धूड एका हाताने पेटीतून निघेना. मी मदतीला जायचे, पण आम्हा दोघांचं मिळून एक काम म्हणजे तीन भांडणं. शेवटी वायकेरीचा एक शाळामास्तर येऊन तिला घेऊन गेला. तो गेल्यावर डेन्झिल शेडमध्ये जाऊन बसला तो जेवायलाही आला नाही. मी बघायला गेले तर रिकाम्या पेटीसमोर बसून रडत होता. मला बघून म्हणाला, डोळ्यात भुसा गेला.

आता शेडमध्ये उरले होते दोन दाढीवाले सरडे, निळ्या जिभेचा एक आळशी स्किंक सरडा आणि डचेसचा म्हातारा भाऊ मेजर. मेजरलाही बाहेर काढायचं तर दोन माणसं लागतात. तो तर कधीचाच आमच्याकडे नुसता पेन्शन खात पडलाय. त्यामुळे डेन्झिलच्या हातात खेळेल असा साप घरात एकही नव्हता.

"एक शेवटचा बघू," गेल्या आठवड्यात तो म्हणाला. "मध्यम आकाराचा. फार बारीक नको, निसटतो. फार मोठा नको, पेलत नाही. एका हाताने सांभाळता येईल असा. तोही नाही जमला तर सगळं देऊन टाकू. शेडमध्ये तू तुझं शिवणाचं मशीन ठेव."

माझ्याकडे शिवणाचं मशीन नाही. मला साधं बटणसुद्धा लावता येत नाही. यावरून माणूस किती खचला होता ते समजा.

लॉक्स्टनच्या अलीकडे संत्र्यांच्या बागांमागे ट्रूडीची शेड आहे. बाई आमच्याच वयाची, सापांची पैदास करणारी, आणि तिच्याबद्दल सगळे एकच सांगतात: ती साप विकत नाही, साप सासरी पाठवते. मुलाकडच्यांची चौकशी केल्याशिवाय पेटीचं झाकण उघडत नाही.

तिने आमचा साप पाळायचा परवाना पाहिला. परत पाहिला. मग म्हणाली, "बाह्या वर करा. हात दाखवा."

ही तिची पद्धत. हातावर चावल्याच्या खुणा नसतील तर माणूस नवखा. फारच असतील तर बेफिकीर. मी दोन्ही हात पुढे केले. माझ्या मनगटावर डचेसने दिलेली एक जुनी खूण आहे, ती मी जरा मिरवलीच.

"ठीक," ट्रूडी म्हणाली. "आणि तुमचे?"

डेन्झिलने उजवा हात पुढे केला. त्यावर चाळीस वर्षांचा इतिहास आहे. ट्रूडीने तो उलटासुलटा करून वाचला. तिला आवडलेला दिसला.

"दुसरा?"

"दुसराही असाच आहे."

"मग दिसू दे ना."

"त्याला थंडी वाजते."

शेडमध्ये एवढं गरम होतं की माझा चष्मा धुरकटला होता. ट्रूडीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. मूग गिळून बसणं माझ्या स्वभावात नाही हो! शेवटी तिने नाक उडवलं, आमच्या हातांवर जंतुनाशकाचा फवारा मारला (माझ्या दोन, त्याच्या एका) आणि त्याला दुधाच्या उलट्या क्रेटवर बसवलं.

आधी तिने स्टिमसन जातीचा साप आणला. सुंदर जनावर, पण बुटाच्या नाडीइतकंच. डेन्झिलच्या बोटांतून या फटीतून त्या फटीत जात ते सरळ जमिनीवर उतरलं आणि कपाटाखाली पसार झालं. ट्रूडीने पोटावर झोपून त्याला काढून आणलं.

"एका हाताने काय धरताय?" उठता उठता ती कडाडली. "आइस्क्रीम आहे का ते?"

डेन्झिल ओशाळं हसला. त्याच्या मानेवर घाम आला होता.

मग तिने गालिचा जातीचा एक तरुण अजगर आणला, मेजरच्याच भाऊबंदांपैकी. तो डेन्झिलने स्वतःच परत केला. "हा दोन वर्षांत माझ्यापेक्षा उंच होईल," म्हणाला.

"मग तुम्हाला पाहिजे तरी काय?"

"मध्यम."

"मध्यम, मध्यम! पँट आहे का ही?"

पण बोलता बोलता ती तिसऱ्या डब्याकडे गेली, आणि तिची चाल जरा मऊ झाली. डब्यातून निघाला तो वोमा जातीचा अजगर. माझ्या खांद्यापर्यंत भरेल एवढा लांब, मनगटाएवढा जाड, अंगावर मध आणि चॉकलेटचे पट्टे, आणि डोकं असं पिवळंधमक की नुकतंच लोण्यात बुडवून काढलंय. घाई नाही, गडबड नाही. डेन्झिलच्या उजव्या हातावर त्याने स्वतःचा एक वेढा घातला, हनुवटी त्याच्या कोपरावर टेकवली आणि जीभ लवलवत बसून राहिला.

डेन्झिलचा चेहरा! सात महिन्यांत मी तो चेहरा पाहिला नव्हता. हाच तो, मी मनात म्हटलं. देवा, एवढा पदरात टाक.

"दुसऱ्या हाताने आधार द्या," ट्रूडी म्हणाली.

डेन्झिल हलला नाही.

"ऐकू येतंय ना? त्याचं शेपूट लोंबतंय. पडला तर बरगड्या मोडतील त्याच्या. दोन हातांनी धरायचा, नाहीतर परत डब्यात."

"असा छान बसलाय की," डेन्झिल म्हणाला.

"माझा साप आहे. छान काय ते मी ठरवते. हात काढा बाहेर."

आता मला राहवेना. "अहो, त्याचा तो हात..." मी सुरुवात केली.

"मॉरीन!" डेन्झिलने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचे शब्द तिथेच अडले. तो रागावला नव्हता. गयावया करत होता. या माणसाने आयुष्यात कधी माझ्यापुढे गयावया केली नाही.

"...त्याचा खांदा दुखतो," मी म्हटलं. आयुष्यभर फटकळ म्हणून नाव कमावलं आणि ऐनवेळी ही थाप!

"मग खांदा बरा झाला की या," ट्रूडी म्हणाली. आवाजात राग नव्हता, आणि तेच जास्त वाईट होतं. "मी काही मुद्दाम अडवत नाही. पण जनावर माझ्या जिवावर मोठं झालंय. धरता येत नसेल त्याला मी देणार नाही." आणि साप उचलायला ती पुढे झाली.

डेन्झिलने मान खाली घातली. संपलं, असं मला वाटलं. हा आता घरी जाईल, पेट्या पुसून ठेवेल, आणि माझ्याशी जन्मभर शिवणाच्या मशीनबद्दल बोलत राहील.

पण वोमाचं आमच्याकडे लक्षच नव्हतं. त्याची जीभ आता भराभर चालली होती. तो डेन्झिलच्या पोटावरून ओघळला, जाकिटाच्या डाव्या खिशापाशी आला, क्षणभर थांबला आणि बीळ सापडल्यासारखा डोकं खुपसून आत शिरला.

"अरे अरे, खिशात काय आहे?" ट्रूडी ओरडली.

"आई गं!" डेन्झिल किंचाळला आणि उभाच राहिला.

खिशातून हात बाहेर आला आणि हातासोबत सापही आला. अंगठ्याखालच्या मांसल भागात त्याने दात रोवले होते, आणि बघता बघता मनगटाला तीन वेढे घालून तो आवळत होता, जेवणाला आवळतात तसा. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे प्रकाश पडला. सकाळी डेन्झिलने मेजरसाठी फ्रीजरमधले गोठलेले उंदीर गरम पाण्यात टाकून वितळवले होते. चिमटा उजव्या हातात, आणि पिशवी दाबून धरायला डावा हात दगडासारखा वर ठेवलेला. मग त्याने धुतला तो फक्त उजवा. डाव्याची त्याला आठवणच नव्हती! इथे फवारासुद्धा उजव्यावरच मारून घेतला. गेले तीन तास हा माणूस खिशात उंदराचा वास घेऊन फिरत होता.

सापवाल्यांतलं शेंबडं पोरही अशी चूक करत नाही.

ट्रूडी मात्र बाईच पक्की. तिने फळीवरून गुळण्या करायच्या औषधाची बाटली उचलली, निळं, पुदिन्याचं. सापाच्या जबड्यापाशी त्याचे दोन थेंब टाकले की चव न आवडून तो स्वतःच सोडतो. ती झाकण उघडून वाकली.

"थांब!" डेन्झिल म्हणाला.

"अहो, रक्त येतंय."

"थांब म्हणतो ना! काढू नकोस त्याला."

"वेडबिड लागलं का तुला?" मी ओरडले. "सोडव की!"

"मॉरीन," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज असा झाला की मी जागच्या जागी थिजले. "मॉरीन, दुखतंय गं."

मला कळायला वेळ लागला. मग कळलं. मी त्या दुधाच्या क्रेटवर मटकन बसले.

"कुठे?" मी विचारलं.

"अंगठ्यापाशी. आग होतेय नुसती. आणि इथे मनगटाला आवळतोय, तेही कळतंय. करंगळीकडे नाही. पण इथे... अगं, जाम दुखतंय!" आणि तो हसत होता, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि या वेळी भुशाचं नावही घेतलं नाही त्याने.

ट्रूडी बाटली हातात धरून एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. मग मी सगळं सांगून टाकलं. सात महिने, टाचणी, डचेस, सगळं. आता मला कोण अडवणार होतं?

ऐकून झाल्यावर ती परत वाकली. तिने औषधाचे थेंब टाकले, सापाने तोंड वाकडं करून पकड सोडली, आणि तिने वेढे एकेक करून उकलले. डेन्झिलच्या हातावर फडकं दाबलं.

"आधी सांगितलं असतं तर जीभ झडली असती का?" ती म्हणाली. ती आता 'अहो'वरून 'अरे'वर आली होती. "असा बस. एका हाताने धरायचा तर मुठीत नाही धरायचा रे बाबा, आडव्या हातावर पसरू द्यायचा आणि कोपर पोटाशी घ्यायचं. हां. आता शेपूट मांडीवर. बघ, कुठे पडतोय?"

साप कुठेच पडत नव्हता. नुकतं काय झालं याचा त्याला पत्ताही नव्हता. उलट, जेवण हिसकावल्यासारखा जरा रुसला होता.

"मग हा देतेस?" डेन्झिलने विचारलं.

"चावलेला साप हवाय तुला?"

"हाच हवाय."

"बरं," ट्रूडी म्हणाली. "पण रोज हातात घ्यायचा. कंटाळा करायचा नाही. आणि परत इथे याल तेव्हा दोन्ही हात धुऊन या."

परतताना मी आणलेल्या फुलाफुलांच्या उशीच्या अभ्र्यात गाठ मारून वोमा डेन्झिलच्या मांडीवर होता, आणि त्याच्यावर पट्टी बांधलेला डावा हात. खिशात नाही, बाहेर. डेन्झिल तोंडाने काहीबाही पुटपुटत होता, पेटी कुठे ठेवायची, दिवा कोणता लावायचा, मेजरला काय वाटेल. माझं त्याच्या बोलण्यात लक्ष नव्हतं. माझ्या मनात एकच भीती घर करून बसली होती, की ते दुखणं तेवढ्यापुरतंच असलं तर?

शेवटी मला राहवेना. एका संत्र्याच्या बागेशी मी गाडी बाजूला घेतली, इंजिन बंद केलं आणि पट्टीच्या जरा वर, मनगटापाशी, त्याला सणसणीत चिमटा काढला.

"अगं ए बये!" तो ओरडला. "दुखतंय ना!"

मी परत काढला.