नकोचा तास

"माफी मागायला असा कितीसा वेळ लागतो, बाई? दोन शब्दांचं काम. तुम्ही हिला बाहेर न्या, नीट समजवा आणि अध्यक्ष यायच्या आत परत आणा."

मुख्याध्यापक हे बोलत होते, पण बाईंकडे बघत नव्हते. टेबलावरचा पेपरवेट उगाच इकडून तिकडे सरकवत होते. शाळेत त्यांचा आवाज तीन वर्ग ओलांडून जायचा. आज तो टेबलाच्या कडेपर्यंतही नीट येत नव्हता.

दाराशी भिंगरी आणि तिची आई उभ्या होत्या. शाळेचे जिने, व्हरांडे आणि मुलांची स्वच्छतागृहं ही आईच्या कामाची. बादली बाहेर ठेवून ती तशीच आली होती, ऍप्रन पुढून ओला. लेकीचं मनगट तिने असं धरलं होतं, की सोडलं तर पोर पळूनच जाईल. भिंगरी तिसरीत, बाईंच्या वर्गात. एका जागी म्हणून टिकायची नाही, तेव्हा हे नाव वर्गानेच ठेवलेलं. आज मात्र तिचे पाय फरशीला चिकटले होते.

काल बक्षीस समारंभ होता. शाळेच्या मंडळाचे अध्यक्ष दरवर्षीप्रमाणे बक्षिसं द्यायला आले होते. म्हातारे, प्रेमळ गृहस्थ. वरचा मजला त्यांच्याच खटपटीने उभा राहिलेला. सगळी मुलं त्यांना आजोबा म्हणत आणि ते प्रत्येक मुलाला बक्षीस दिलं की त्याचा गाल धरून चांगला ओढत. भिंगरी पळण्यात पहिली आली होती. त्यांनी तिच्या हातात कप दिला आणि गालाकडे हात नेला. ती एक पाऊल मागे सरली, तळहात पुढे केला आणि माईकसमोर स्वच्छ म्हणाली, "नको. मला आवडत नाही."

एवढ्यावर भागलंही असतं. अध्यक्ष हसले असते, पुढच्या मुलाचं नाव पुकारलं गेलं असतं. पण बाईंच्या वर्गात दर बुधवारी याचाच सराव व्हायचा. एकाने "नको" म्हणायचं आणि बाकीच्यांनी मोठ्याने "ऐकलं!" म्हणायचं, म्हणजे नको म्हणणाऱ्याला आपण एकटे पडलो असं वाटत नाही. तिसरीचा वर्ग पहिल्याच रांगेत बसला होता. सवयीने सगळ्यांच्या तोंडून एकदम निघालं, "ऐकलं!"

सभागृहात हशा पिकला. पालक हसले, मागच्या रांगेतल्या शिक्षकांनी तोंडाला रुमाल लावले. अध्यक्षांचा चेहरा पार उतरला. उरलेली बक्षिसं त्यांनी पोस्टमनने पाकिटं द्यावीत तशी दिली आणि चहाला न थांबता ते निघून गेले. वर्गात परतल्यावर एका पोराने छाती फुगवून विचारलं होतं, "बाई, आम्ही बरोबर वेळेवर म्हटलं ना?"

"अगदी वेळेवर," बाई म्हणाल्या होत्या.

बुधवारचा हा तास बाईंनी भांडून मिळवला होता. हात कधी धुवायचे, राग आला तर त्याचं काय करायचं, भांडण मिटवायला पहिलं पाऊल कुणी टाकायचं, आपल्या शरीरावर हक्क कुणाचा, कुठली गोष्ट पोटात ठेवायची नाही आणि ती कुणाला सांगायची. वेळापत्रकात त्याचं नाव लांबलचक होतं. मुलं त्याला नकोचा तास म्हणत.

बाई दोघींना घेऊन व्हरांड्यात आल्या. आईने लेकीचं मनगट सोडलं, पण आवाज दाबून तिच्यावरच तुटून पडली.

"तोंड झिजतंय का तुझं? दोन शब्द म्हणायचे आणि मोकळं व्हायचं. उद्या माझं काम गेलं की म्हण घरी बसून, भूक नको!"

"आई, मी काय केलं?"

"काय केलं म्हणे! बाई, तुम्हीच सांगा हिला. तुमचं ऐकते ही. माझं ऐकेल ती भिंगरी कसली?"

भिंगरीने मान वर केली. "बाई, माझं चुकलं का?"

बाईंना वर्गात असंख्य प्रश्न विचारले गेले होते आणि बहुतेकांना त्यांनी शांतपणे उत्तरं दिली होती. या प्रश्नाचंही उत्तर त्यांना माहीत होतं. फक्त ते देताना समोर ओला ऍप्रन घालून पोरीची आई उभी असेल, हे त्यांनी कधी धरलं नव्हतं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तुझं चुकलं नाही."

"झालं!" आईने कपाळाला हात लावला. "विचारलं कुणाला मी!"

"आजोबा वाईट नाहीत हं, बाळा," बाई म्हणाल्या.

"मला माहितीय. चांगले आहेत ते. पण गाल माझा आहे ना?"

जिन्यावर काठीचा आवाज आला. मुख्याध्यापक लगबगीने बाहेर आले, बाईंकडे डोळे मोठे करून बघितलं आणि हसरा चेहरा करून जिन्याकडे गेले. समजवायचं काही झालंच नव्हतं. भिंगरीच्या आईने पुन्हा मनगट धरलं.

सगळे आत आले आणि अध्यक्ष खुर्चीत बसले. काठी गुडघ्यांच्या मध्ये उभी धरली. चहा आला, तो त्यांनी बाजूला सरकवला.

"मला माफीबिफी नको आहे," ते म्हणाले. "फक्त एवढंच कळू दे, की माझ्या हातून असं काय झालं, की सगळ्या गावासमोर मला चोर ठरवलं."

मुख्याध्यापक पुढे सरसावले. आणि तेवढ्यात भिंगरीची आईच बोलली, घाईघाईने, धाप लागल्यासारखी.

"साहेब, दात दुखत होता हो तिचा. दोन दिवस गाल असा टम्म सुजलेला. हात लावू देत नव्हती पोर. मीच सांगायला विसरले बाईंना."

खोलीतली हवाच बदलली. मुख्याध्यापकांनी सुटकेचा श्वास टाकला तो सगळ्यांना ऐकू गेला. "बघा! मी म्हणत नव्हतो? लहान लेकरू, दुखत असणार. बाई, तुम्हाला ठाऊक नव्हतं का हे?"

अध्यक्षांच्या कपाळावरच्या आठ्या सैलावल्या. त्यांनी चहाचा कप जवळ ओढला आणि खरोखरच आजोबाच्या मायेने विचारलं, "दुखत होता का गं दात?"

भिंगरीने आईकडे पाहिलं नाही. तिने बाईंकडे पाहिलं.

दात दुखत नव्हता. काल सकाळीच तिने मधल्या सुट्टीत अख्खं सफरचंद कडाकडा खाल्लं होतं, बाईंच्या समोर. नुसती मान हलवायची होती. मान हलली की आईचं काम राहणार होतं, म्हाताऱ्याचा मान राहणार होता, बुधवारचा तासही राहणार होता. सगळं जागच्या जागी. आणि ही पोर एक गोष्ट कायमची शिकणार होती: आपल्याला नको आहे एवढं पुरत नाही, सोबत दुखणं दाखवावं लागतं.

भिंगरीचे ओठ हलले. हो म्हणणार होती की नाही, ते बाईंना कधीच कळलं नाही, कारण त्या आधी बोलल्या.

"तिला विचारू नका, साहेब. दात दुखत नव्हता."

आईच्या तोंडून बारीकसा आवाज निघाला.

"पण तिच्या आईला खोटी म्हणू नका," बाई म्हणाल्या. त्यांनी खुर्चीची पाठ धरली. "काम जाईल या भीतीने बोलली ती. शिकवलं मी आहे, तेव्हा बोलायचं ते मला. नको म्हणायला दात दुखावा लागत नाही, असं मी शिकवलं."

"बाई!" मुख्याध्यापक अर्धवट उठले.

अध्यक्षांनी त्यांना हातानेच बसवलं. "आणि माझा हात वाईट होता, हेही शिकवलंत?"

"नाही. तुमच्या हातात माया होती, ते आम्हाला सगळ्यांना दिसतं. पण उद्या दुसराच कुणी मायेचं नाव सांगून हात पुढे करेल. तेव्हा 'मोठी माणसं आहेत, त्यांना चालतं' एवढंच हिच्या डोक्यात असेल तर ही काय करेल?"

"इतकी वर्षं मी मुलांचे गाल ओढतोय. एक मूल कधी काही बोललं नाही."

"म्हणून तर कुणाला आवडत होतं आणि कुणाला नव्हतं, ते आपल्याला कळलंच नाही, साहेब. मीही शेजारीच उभी असायचे. हसायचे."

अध्यक्षांनी चहाचा कप पुन्हा बाजूला सरकवला. चहावर साय धरली होती. काठीवर भार देऊन ते उठले. बाईंशी बोलले नाहीत, भिंगरीशीही नाही. दारात थांबून मुख्याध्यापकांना एवढंच म्हणाले, "कालच्यावरून या पोरीच्या आईच्या कामाला धक्का लागता कामा नये." आणि काठी टेकत जिना उतरून गेले.

तासाबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही. ते मुख्याध्यापकांनी म्हटलं, पावलं ऐकू येईनाशी झाल्यावर. "बुधवारी गणित घ्या. मुलं गणितात कच्चीच आहेत. हे घरचे विषय घरी राहू देत."

"मुलांना काय सांगू?"

"गणित, म्हणून सांगा!"

त्या दिवशी बुधवारच होता. मुलांनी सवयीप्रमाणे बाकं कडेला सारून गोल केला होता. बाईंनी त्यांना बाकं परत लावायला सांगितली.

"बाई, नकोचा तास नाही?"

"आज भागाकार."

"नको!" मागून एक खोडकर आवाज आला. कुणीतरी फिसकन हसलं. बाकीचे बाईंच्या चेहऱ्याकडे बघून गप्प बसले आणि वह्या काढू लागले. भिंगरीनेही काढली. बाईंनी फळ्यावर गणित मांडलं, सोडवताना बाकी चुकली, आणि ती एका मुलीने हळूच दाखवून दिली.

शाळा सुटल्यावर बाई खाली आल्या, तेव्हा भिंगरीची आई जिन्याच्या तळाशी फरशी पुसत होती. बाईंसाठी तिने बादली बाजूला घेतली, पण वर बघितलं नाही.

"मावशी, रागावलात?"

"तुमचं बोलून झालं, बाई. माझा जीव जात होता तिथं." तिने फडका पिळला. "ते बरे निघाले म्हणून. नसते निघाले तर?"

बाई पिशवी धरून तिथेच उभ्या राहिल्या.

वरून धडधडत भिंगरी आली. तिसऱ्या पायरीवरून उडी मारून ती थेट ओल्या फरशीवर उतरली. गालावर शाईचा हा एवढा डाग.

"अवतार बघ स्वतःचा!" आईने ऍप्रनचं टोक मुठीत घेतलं आणि तिच्या तोंडाकडे नेलं. गालापासून वीतभर अंतरावर तो हात थांबला. आईने एकदा बाईंकडे रागाने पाहिलं. हात मात्र तसाच धरून ठेवला.

भिंगरीने डोळे मिटून तोंड पुढे केलं. आईने तो डाग जरा जास्तच जोर लावून पुसला.